आडनाव न विचारणारी बैठक

(महाराष्ट्रातून बंगळुरूला शिकायला आलेल्या विद्यार्थ्यांच्या वाचनगटासमोर बनशंकरी इथे केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना राहून गेलेले काही संदर्भ लिहिताना घातले आहेत.)



निमंत्रणात माझ्या भाषणाचा विषय 'व्यसनमुक्ती आणि आपला समाज' असा छापलाय. या नावाचं भाषण आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलेलं आहे. चौदा एप्रिलला वस्तीत मंडप पडतो, पाहुणे येतात, दारू सोडा म्हणून सांगतात, टाळ्या पडतात. ज्यांच्यासाठी ते भाषण असतं ते मंडपाच्या मागे अंधारात उभे असतात, नाहीतर आलेलेच नसतात. मला ते भाषण करायचं नाहीये. दारू सुटावी म्हणून पिणारी माणसंच एकमेकांसोबत ज्या बैठकांना बसतात, त्या बैठकांबद्दल मी बोलणार आहे. त्या शोधायच्या कशा, तिथे होतं काय, आणि घरात पहिल्यांदाच कोणी पदवीधर झालंय अशा आपल्यासारख्यांना तिथे जाताना काय आडवं येतं.

आधी दोन खुलासे. मी डॉक्टर नाही, आणि माझी पीएचडीही या विषयावर नाही, ती स्थलांतरित मजुरांच्या भाड्याच्या खोल्यांवर आहे. मला जे माहीत आहे ते माझ्या मोठ्या भावामुळे. त्याच्याबद्दल बोलायची परवानगी त्यानं दिलीय, मी हे टिपण त्याला फोनवर वाचून दाखवलं आणि त्यानं दोन ठिकाणी कात्री लावली. दुसरा खुलासा असा की, अशा बैठकीत कोणी जे बोलतं ते त्या खोलीबाहेर जात नाही. काही बैठका खुल्या असतात, तिथे कोणीही बसू शकतं. काही बंद असतात, त्या फक्त पिण्याचा त्रास असणाऱ्यांसाठी. मी खुल्या बैठकांना बसले आणि कुटुंबीयांच्या बैठकांना बसले. तिथे ऐकलेली कुणाचीही कहाणी मी आज सांगणार नाही. ज्यांना कहाण्यांची अपेक्षा होती त्यांनी माफ करावं.

आमचं गाव उदगीरजवळ. दादानं बारावीनंतर शिक्षण सोडलं, त्या वर्षी मी अकरावीला गेले. घरात एकाचाच खर्च निघणार होता. तो पुण्याला गेला, आधी टेम्पोवर, मग गोदामात. माझ्या वसतिगृहाच्या मेसचे पैसे महिन्याच्या पाच तारखेला यायचे, कधी चुकले नाहीत. मला फेलोशिप लागली तोवर त्याचं पिणं सकाळपासून सुरू होत होतं. याहून जास्त वर्णन मी करणार नाही, कारण इथे बसलेल्यांपैकी अनेकांना त्याची गरज नाही. दोन वर्षांपूर्वी आम्ही त्याला उदगीरहून बिदरमार्गे रेल्वेनं इथे आणलं, बनशंकरीत माझ्या खोलीवर.

आता पहिला प्रश्न. आपल्या घरातल्या दारूबद्दल आपण बाहेर का बोलत नाही?

वसतिगृहात माझी एक मैत्रीण होती, तिचे वडील रोज संध्याकाळी दोन पेग घ्यायचे. ती हसत सांगायची, 'बाबांचा मूड आठनंतर बघावा.' त्याच खोलीत मी माझ्या घराबद्दल अवाक्षर काढलं नाही. पिण्याचं प्रमाण किती हा भाग वेगळा. तिच्या घरातली दारू ही तिच्या वडिलांची सवय होती. मी तेच वाक्य बोलले असते तर ती माझ्या जातीची सवय झाली असती. 'यांच्यात चालतंच' हे वाक्य ऐकायला लागू नये म्हणून आपण आयुष्यभर गप्प राहतो. त्या गप्पपणाचा सगळ्यात मोठा तोटा पिणाऱ्याला होतो, कारण मदत मागायची तर आधी ते बोलावं लागतं.

ही प्रतिमा आभाळातून पडलेली नाही. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्यानं ताडी-मोहाची गावगाड्यातली दारू सरकारी परवान्याच्या आणि मक्तेदाराच्या हातात गेली. जे लोक घरी गाळत होते ते गुन्हेगार ठरले आणि तीच दारू विकत घेणारे गिऱ्हाईक झाले. पुढे शहरात आल्यावर आपल्या वाट्याला कोणती कामं आली ते बघा. गटारात उतरणारे, प्रेतं उचलणारे, मैला साफ करणारे कामगार अनेकदा सांगतात की शुद्धीवर राहून ते काम होत नाही. ज्या समाजानं ते काम त्यांना दिलं तोच नंतर त्यांच्या तोंडाचा वास येतो म्हणून नाक दाबतो.

दया पवारांचं 'बलुतं' 1978 साली आलं. त्यात बापाचं पिणं आहे, लपवलेलं नाही. आपल्यातल्याच काहींना तेव्हा वाटलं होतं की घरातलं असं चव्हाट्यावर आणायला नको होतं. मला गंमत वाटते ती याची की त्या पिढीनं कमी शिक्षण असताना जे छापून टाकलं, ते आपण पदव्या घेऊन समोरच्या डॉक्टरलासुद्धा सांगत नाही. मी बोलणं सोपं आहे म्हणत नाहीये. शिकलेल्या पहिल्या पिढीवर 'समाजाचं नाव खराब करायचं नाही' हे ओझं जास्त असतं, एवढंच माझं निरीक्षण.

दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे. आपल्या चळवळीला दारूचा प्रश्न कुणी बाहेरून शिकवलेला नाही. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना, 1880 मध्ये, शहरात दारूची दुकानं वाढण्याविरुद्ध त्यांनी लेखी हरकत घेतली होती. 1927 च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेब स्त्रियांशी बोलले तेव्हा त्यांनी सांगितलं की नवरा किंवा मुलगा पिऊन आला तर त्याला जेवायला वाढू नका. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. आपल्या कितीतरी घरांत दीक्षेनंतर दारू सुटली, कायमची सुटली. माझ्या आजोबांची सुटली. हे खरं आहे आणि त्याचा अभिमान आहे.

पण ज्याची सुटत नाही त्याचं काय होतं? प्रतिज्ञा घेतलेल्या माणसानं पुन्हा घोट घेतला की ते आपल्याकडे नुसतं पिणं राहत नाही, ती बाबासाहेबांशी बेइमानी होते. दादा सांगायचा, की पहिल्या वेळी सोडून पुन्हा सुरू केल्यावर त्याला विहाराच्या गल्लीतून जायचीही लाज वाटायची, तो लांबून वळसा घालायचा. वारकरी घरांत माळ घातलेल्याचं तेच होतं. माळ उतरवून ठेवतो आणि मग दिंडीकडे फिरकत नाही. म्हणजे ज्या जागेनं त्याला धरून ठेवायला हवं, तिच्याच समोर जायची त्याला चोरी होते.

मी यावर बराच विचार केला. पंचशील आपण लहानपणापासून म्हणतो. त्यात 'सिक्खापद' हा शब्द येतो. सिक्खा म्हणजे शिक्षा, पण शिकणं या अर्थानं. हे शिकण्याचं, सरावाचं पद आहे, आज्ञा नाही. आणि ते आपण एकदाच म्हणून थांबत नाही. दर रविवारी म्हणतो, प्रत्येक कार्यक्रमात म्हणतो, पुन्हा पुन्हा स्वीकारतो. एकदा घेतलं की काम झालं असं असतं तर दर आठवड्याला म्हणायची गरज काय होती? सराव म्हटला की चुकणं त्यात धरलेलंच असतं, चुकलेला माणूस पुढच्या रविवारी परत येऊन बसतो. ही जी परत येऊन बसायची सोय आहे, ती आपल्या धम्मात आहे पण वस्तीतल्या व्यवहारात मला फारशी दिसली नाही. मला ती पहिल्यांदा दिसली एका परक्या शहरात, एका शाळेच्या वर्गात.

त्या बैठकांचं नाव अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, सगळे 'एए' म्हणतात. 1935 साली अमेरिकेत ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावात बिल विल्सन हा शेअरबाजारात काम केलेला माणूस आणि बॉब स्मिथ हा सर्जन, दोघंही पिण्यानं बेजार, एकमेकांशी बोलत बसले. आपण दुसऱ्या पिणाऱ्याशी बोललो की आपलं पिणं टळतं, हे त्यांना अनुभवातून कळलं. त्यातून हे उभं राहिलं. भारतात 1957 मध्ये मुंबईत सुरुवात झाली. फी नाही, फॉर्म नाही, हजेरी नाही. दारू थांबवायची इच्छा ही एकच अट. शेवटी एक पिशवी फिरते, ज्याला जमेल तो दहा-वीस रुपये टाकतो, त्यातून चहा आणि जागेचं भाडं. बाहेरच्यांची देणगी ते घेत नाहीत. कोणी 'एएमध्ये प्रवेशासाठी' पैसे मागितले तर समजा, ते एए नाही.

बैठक साधारण तास-दीड तासाची. एकजण चेअरवर बसतो, दर वेळी वेगळा. मग एकेकाचं 'शेअरिंग'. स्वतःचं नाव सांगायचं, मी अल्कोहोलिक आहे म्हणायचं, सगळे त्या नावाला नमस्कार करतात. मधे कोणी बोलत नाही, सल्ला देत नाही, प्रश्न विचारत नाही. आपल्याकडे कुणी दहा मिनिटं बोललं आणि एकानंही 'अरे पण तू असं करायला हवं होतंस' म्हटलं नाही, असं मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. विद्यापीठाच्या सेमिनारमध्ये तर नाहीच.

पुन्हा प्यायला लागलेल्याला तिथे 'स्लिप झाली' म्हणतात. तो परत येतो, सांगतो, लोक टाळ्या वाजवतात. पहिल्यांदा ते ऐकून मला राग आला होता. टाळ्या कसल्या? नंतर कळलं की त्या पिण्याला नव्हत्या, दारातून आत आल्याबद्दल होत्या.

आणि आडनाव. 'अ‍ॅनॉनिमस' म्हणजे अनामिक. नाव सांगायचं, आडनाव नाही. अमेरिकेत हा नियम आला तो नोकरी जाऊ नये, बदनामी होऊ नये म्हणून. आपल्या देशात त्याच नियमाचा एक वेगळाच परिणाम होतो, आणि माझ्या माहितीत यावर आपल्या बाजूनं कोणी फारसं लिहिलेलं नाही. आपल्याकडे पूर्ण नाव म्हणजे जातीचा दाखलाच. शाळेच्या पहिल्या दिवसापासून आपण आडनावावर माणसाचा चेहरा बदलताना पाहिलाय. आणि इथे, ज्या गोष्टीची सगळ्यात जास्त लाज वाटते ती सांगायच्या ठिकाणी, आडनाव विचारायला मनाई आहे.

दादा पहिल्यांदा गेला ती बैठक जयनगरच्या बाजूला होती, कन्नड आणि हिंदी मिसळून चालणारी. मराठी बैठक आम्हाला इथे मिळाली नाही. उदगीरच्या बाजारात कन्नड कानावर पडते, त्यामुळे त्याला कामापुरती समजते, पण मनातलं बोलायला ती पुरत नाही. चहाच्या वेळी एका नवख्या माणसानं त्याला विचारलं, 'ऊरु यावुदु?' गाव कुठलं? दादानं गाव सांगितलं. मग पुढचा प्रश्न आला, पूर्ण नाव काय. हा क्रम आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. गाव, मग आडनाव, मग 'म्हणजे तुम्ही...' आणि मग शांतता. दादा गप्प झाला. तेवढ्यात कप गोळा करणारे एक म्हातारे गृहस्थ सहज म्हणाले, 'हेसरु साकु.' नाव पुरे. आणि कप घेऊन पुढे गेले. त्यांना जातीबद्दल काही म्हणायचं होतं असं मला वाटत नाही, ते त्यांच्या संस्थेचा नियम सांगत होते. दादाला मात्र ते दोन शब्द पाठ झालेत. तो आता आठवड्यातून तीन बैठकांना जातो. मला वाटतं, त्या दोन शब्दांचा त्यात वाटा आहे.

आता कृपया असं समजू नका की मी जातमुक्त स्वर्ग सापडल्याचं सांगतेय. आडनाव गेलं म्हणून जात जात नाही. बोलीवरून कळते, कपड्यांवरून कळते, कोण कुठल्या भागातून येतो त्यावरून कळते. इंग्रजी बैठका आणि कन्नड-तमिळ बैठकांची माणसं वेगळी दिसतात. इंग्रजी बैठकीत गमावलेल्या कंपन्यांबद्दल बोललं जातं, दुसरीकडे गमावलेल्या हजेरीबद्दल. अमेरिकेतही नियम कागदावर सर्वांसाठी होता, पण गोऱ्यांच्या अनेक गटांत कृष्णवर्णीयांना बसू दिलं जात नव्हतं. मग 1945 मध्ये वॉशिंग्टन शहरात एका कृष्णवर्णीय डॉक्टरनं, एएच्या इतिहासात ते जिम एस. या नावानं ओळखले जातात, आपल्या लोकांचा गट सुरू केला. दार उघडं आहे असं लिहिलेलं असणं आणि आत गेल्यावर खुर्ची मिळणं यात अंतर असतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

दुसरी अडचण देवाची. एएच्या बारा पायऱ्यांमध्ये आपल्यापेक्षा मोठ्या शक्तीचा उल्लेख आहे, बैठकीच्या शेवटी प्रार्थना असते. भारतात अनेक बैठका चर्चच्या किंवा मिशनरी शाळांच्या आवारात भरतात, कारण त्या संस्था जागा देतात. बौद्ध घरातल्या माणसाला हे टोचतं. दादा दुसऱ्या आठवड्यात म्हणाला, 'बावीस प्रतिज्ञांत देव सोडला आणि इथे येऊन परत धरू का?' प्रश्न रास्त होता. एएचं म्हणणं असं की ही शक्ती ज्यानं त्यानं आपल्या समजुतीप्रमाणे ठरवावी, आणि पुष्कळ लोक जमलेल्या गटालाच ती शक्ती मानतात. दादानं त्याचा अर्थ 'संघ' असा लावला. बुद्ध, धम्म, संघ यातला तिसरा. प्रार्थनेच्या वेळी तो हात जोडून गप्प उभा राहतो, कोणी काही म्हणत नाही. ज्यांना हेही जमणार नाही त्यांच्यासाठी देव न मानणारे मार्ग आहेत. स्मार्ट रिकव्हरी नावाच्या बैठका ऑनलाइन होतात. अमेरिकेत 2019 पासून रिकव्हरी धर्मा नावाचे गट बुद्धाच्या शिकवणीच्या आधारावर चालतात. तिकडचे लोक बुद्धाकडे येऊन गट चालवतात आणि आपल्या वस्तीतल्या विहारात रविवारी वंदनेनंतर सभागृहाला कुलूप लागतं, ही गोष्ट मला फार खुपते. किल्ली आपल्याकडेच असते, म्हणून जास्त.

मराठीत असं काम झालेलंच नाही असं नाही. पुण्यात 1986 साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं. तिथे स्वतः व्यसनातून बाहेर आलेली माणसं पुढे समुपदेशक म्हणून काम करतात, म्हणजे तत्त्व तेच, त्या खड्ड्यात पडलेल्यानं दुसऱ्याला हात द्यायचा. महाराष्ट्रात एएच्या मराठी बैठकाही ठिकठिकाणी होतात, आणि टाळेबंदीच्या काळापासून ऑनलाइनही होतात. दादा शनिवारी रात्री माझ्या लॅपटॉपवर मराठी बैठकीला बसतो. मी तेव्हा खाली मेट्रोच्या जिन्याशी जाऊन बसते, कारण खोली एकच आहे आणि ती बैठक त्याची आहे. प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण मी त्या जिन्यावर मोबाइलवर टाइप केलंय.

याचा उपयोग होतो का, असं माझ्या विभागातले लोक विचारतात. 2020 साली कॉक्रेन या संस्थेनं आढावा घेतला. 27 अभ्यास, 10,565 माणसं. एएकडे नेणारे पद्धतशीर उपचार पूर्ण दारूबंद राहण्याच्या बाबतीत इतर मान्यताप्राप्त उपचारांपेक्षा सरस ठरले. समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मी एक पुस्ती जोडेन, की ते अभ्यास मुख्यतः अमेरिकेसारख्या देशांतले आहेत, लातूर किंवा कलबुर्गीचे नाहीत. आपल्याकडचं चित्र 2019 च्या सरकारी सर्वेक्षणात दिसतं, जे दिल्लीच्या एम्सनं केलं. साधारण 5.7 कोटी लोकांचं पिणं मदत लागेल अशा थराला गेलंय, आणि दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांपैकी एकालाच कसलीतरी मदत मिळालेली आहे. उरलेल्या 37 जणांची आडनावं काय असतील याचा अंदाज मी तुमच्यावर सोडते.

आता प्रत्यक्ष उपयोगाचं.

सगळ्यात आधी डॉक्टर. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं एका झटक्यात बंद केलं तर अंग थरथरतं, फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊ शकतो, आणि उपचार नसतील तर जीवही जाऊ शकतो. म्हणून 'आजपासून खोलीत कोंडून ठेवतो' हा उपाय करू नका. बंगळुरूत निम्हान्स आहे, इथून जयनगर ओलांडलं की फार लांब नाही, तिथे व्यसनोपचाराचा स्वतंत्र विभाग आहे. तुमच्या जिल्ह्यात शासकीय रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात विचारा. 14446 ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, 14416 ही टेलिमानसची, दोन्ही फुकट.

खासगी 'केंद्रां'पासून सावध राहा. दादाला इथे आणण्याआधी घरच्यांनी गावाकडच्या एका केंद्रात ठेवलं होतं. तिथे भेटू देत नव्हते, आणि तो आला तेव्हा त्याच्या पाठीवर वळ होते. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा दारूच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक स्थितींनाही मानसिक आजारात धरतो. म्हणजे तिथे ठेवलेल्या माणसाला क्रूर वागणुकीपासून संरक्षणाचा हक्क आहे. पैसे भरण्याआधी नोंदणीचा कागद मागा. तुम्ही शिकलेले आहात, निदान कागद मागायचा धीर आपल्याला शिक्षणानं दिलाय.

मग बैठक. एए इंडियाच्या संकेतस्थळावर शहरांप्रमाणे यादी मिळते. फोन करून तीन गोष्टी विचारा: भाषा कोणती, बैठक खुली की बंद, आणि ठरल्या जागी आजही भरते का, कारण याद्या जुन्या होतात. आम्ही पहिल्या पत्त्यावर गेलो तर तिथे कुलूप होतं. दादा म्हणाला, 'बघ, नशिबातच नाही,' आणि मला घाम फुटला. त्या संध्याकाळी दुसरी बैठक शोधली नसती तर तो पुन्हा आला नसता. म्हणून निघताना दुसरा पत्ता खिशात ठेवा. एका बैठकीवरून मत बनवू नका, चार-पाच वेगवेगळ्या बघा. मुली आणि स्त्रियांनी आधी विचारून घ्यावं, कारण बऱ्याच बैठकांत सगळे पुरुष असतात. ऑनलाइन बायकांच्या वेगळ्या बैठकाही सापडतात. स्वतः पिणाऱ्या मुलीला घरी आणि बाहेर जे ऐकून घ्यावं लागतं ते दादाला कधीच ऐकावं लागलं नाही, हे मला माहीत आहे.

आणि कुटुंबीयांसाठी अल्-अ‍ॅनॉन. त्या बैठका वेगळ्या, 1951 पासूनच्या. मी इथे गेले तेव्हा सगळ्या बायका होत्या, बहुतेक कुणाच्या तरी पत्नी. 'तुमचे मिस्टर किती वर्षं पितात?' असं मला तीन वेळा विचारलं गेलं. मी भावासाठी आलेय म्हटल्यावर एका बाईंनी माझ्या हातात दोन बिस्किटं जास्त ठेवली. तिथे सांगतात की हे तुमच्यामुळे झालेलं नाही, तुमच्या ताब्यात नाही आणि तुमच्या हातून बरंही होणार नाही.

हे ऐकणं मला फार जड गेलं, आणि का ते तुम्हाला लगेच कळेल. आपल्या घरात आपण 'शिकलेले'. रेशन कार्ड आपण काढायचं, जातीचा दाखला आपण आणायचा, तहसीलमध्ये साहेबाशी आपण बोलायचं, दवाखान्यात रिपोर्ट आपण वाचायचे. 'तू शिकलीस, तूच बघ.' दादाची दारूही मी अशीच हातात घेतली होती, एखाद्या प्रलंबित अर्जासारखी. वेळापत्रक केलं होतं. तो कुठे जातो याची वहीत नोंद ठेवत होते. माझ्या घरमालकीणबाई म्हणाल्या, बनशंकरीच्या देवळात राहुकाळात नऊ आठवडे लिंबाचे दिवे लाव. मी मनात हसले. पण त्या रांगेत उभ्या राहणाऱ्या बायकांत आणि माझ्या वहीत तेव्हा फार फरक नव्हता. अल्-अ‍ॅनॉनमध्ये मला कळलं की वही बंद केली तरी चालतं. दादा बैठकीला जातो का हे मी आता विचारत नाही. तो सांगतो तेव्हा ऐकते.

पहिल्या बैठकीला तुम्ही कुणासोबत जाल तर दारापर्यंत जा, जवळ चहाची टपरी शोधा आणि तिथे थांबा. परत येताना 'काय झालं आत?' विचारू नका. आम्ही त्या दिवशी बनशंकरी स्टेशनपर्यंत एक शब्द न बोलता आलो. फाटकाबाहेर त्यानं भाजी घेतली, शेपू, आणि घासाघीस केली. कित्येक महिन्यांनी मी त्याला कशासाठी तरी भाव करताना पाहिलं.

दादाला आता चौदा महिने झाले. मधे एकदा स्लिप झाली होती, म्हणजे चौदा हे त्यानंतरचे. तो इथल्याच एका गोदामात कामाला आहे. उदगीरला परत जायचं म्हणतो, तालुक्याच्या विहारात मंगळवारी संध्याकाळी एक खोली मिळते का ते विहार समितीला विचारायचं त्याच्या डोक्यात आहे. समितीतल्या दोघांना दारूचं नाव काढलेलं आवडत नाही, त्यामुळे काय होईल सांगता येत नाही. इथे तिकडच्या भागातलं कोणी असेल आणि समितीत ओळख असेल तर मला नंतर भेटा.

प्रश्न घेऊया. एक विनंती आहे, माइकवर विचारताना घरातल्या कुणाचं नाव घेऊ नका, 'माझा एक मित्र' म्हटलं तरी चालेल. आणि ज्यांना सगळ्यांसमोर विचारायचं नसेल त्यांच्यासाठी कार्यक्रमानंतर अर्धा तास मी बाहेर, चहाच्या टेबलाशी आहे.